पाय पोटाशी

माऊनच्या हँगरात एकवीस वर्षं काढलीत मी.
विमानाचं पोट मला पाठ आहे.
वरून ढगातून जग कसं दिसतं, ते विचारू नका,
मी कधी उडालेलो नाही.

साडेदहाला रेडिओवर त्शेनोलो आली.
सव्वीस वर्षांची पोर, आवाज नेहमीसारखाच सपाट,
दुकानात साखर आहे का विचारावं तसा :
"केरेंग, हिरवा दिवा लागत नाही."

पिवळ्याचा बल्ब काढून हिरव्यात घाल, म्हटलं.
घातला.
ब्रेकर बघ. बघितला.
मग थोडा वेळ नुसती खरखर, आणि :
"मी सावली बघतेय माझी.
गवतावरून धावतेय, आत्ता म्हशींच्या कळपावरून गेली.
पंख आहेत. शेपूट आहे.
चाकं नाहीत."

दोन सीटांच्या मधे, खाली, हातपंपाचा दांडा असतो.
ओढायचा आणि वर-खाली, वर-खाली.
पण उडवायचंही तिलाच, आणि वारा ऑगस्टचा, धुळीचा.
शेजारी बसलेल्या होत्या एत्शाच्या मा म्बाम्बो,
मागे त्यांच्या ताडपात्यांच्या टोपल्यांची चळत,
तिच्या आडून डोकावणारा एक शाळामास्तर,
मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.
"ह्या म्हणतात, मी करते," त्शेनोलो म्हणाली.
"ह्यांचे हात बघितलेस का तू?"

हात मी नंतर बघितले.
पन्नास वर्षं पाती ओढून ओढून
पेरं अशी, जशा दोरखंडाला मारलेल्या गाठी.

त्या मोजत होत्या, मोठ्यानं, आपल्या भाषेत.
त्शेनोलोनं बटण दाबलं की तेवढे आकडे
माझ्या टेबलावर येऊन पडत, मधलेच, अर्धे.
दांडा जड होतोय का, मी विचारलं.
जड व्हायला हवा. जड होणं म्हणजे
कुठेतरी पाय फुटणं.
उत्तर आलं :
"हलका आहे. ताक ढवळावं तसा."

मला तेव्हाच कळलं, तेल गेलं.
कुठून गेलं, तेही कळलं.
डावीकडची ती नळी. सोमवारी
ह्याच बोटानं चाचपून म्हटलं होतं,
महिनाभर काढेल अजून.
नवी जोहान्सबर्गहून यायची होती.

टॉवरवरून दुर्बीण लावून बघितलं त्यांनी.
थंडीत पोर झोपतं तसं, पाय पोटाशी घेऊन
चाललं होतं ते डोक्यावरून.
मग दीड तास घिरट्या, इंधन जळेपर्यंत.
खाली आम्ही धावपट्टीच्या कडेची गाढवं हाकलली.
काहीतरी करायला हवं होतं.

शेवटी मी एवढंच सांगितलं :
दार किलकिलं ठेव, फटीत बूट अडकव.
धावपट्टी हातात आली की इंधन बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर बंद.
बूट मास्तरांनी दिला. डाव्या पायाचा.

इंजिन गप्प झालं. नंतर तो आवाज,
पत्र्याचं अख्खं छप्पर डांबरावरून फरफटत नेल्यासारखा,
ठिणग्या, धूळ,
आणि धुळीतून आधी बाहेर आले मास्तर, लंगडत,
गठ्ठा छातीशी.
मग मा म्बाम्बो. त्या परत वळल्या टोपल्यांसाठी,
आगवाला ओरडला, त्यांनी ऐकलं नाही.
सगळ्यात शेवटी त्शेनोलो, हातात दुसऱ्याचा बूट.

"चारशे बारा," मा म्बाम्बो मला म्हणाल्या.
"उपयोग झाला का?"
मी तोंड उघडलं. मास्तर आधी बोलले,
"झाला. मी तेवढंच ऐकत होतो."

त्शेनोलोला मी म्हटलं, सोमवारी ती नळी मी…
ती म्हणाली, "आधी पाणी दे."

दुपारी क्रेन यायची होती. मी डांबरावर बसून राहिलो
विमानाला टेकून.
मला पाठ असलेलं ते पोट
जमिनीशी इतकं घट्ट, की हात शिरेना खाली.
पाती वाकलेली, पंख्याची, आतल्या बाजूला.
आणि गरम पत्रा थंड होताना करतो तो आवाज,
टिक, टिक,
कुणी अजून मोजत असल्यासारखा.